नीलकंठ खंभोळजा ऊर्फ अराता इझुमी: एका पासपोर्टचं प्रकरण

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोचीत भारत आणि पॅलेस्टाईन यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. भारत ४-२ असा हरला. भारतीय फुटबॉलच्या वहीत असे पराभव पानोपानी आहेत, त्यामुळे हाही विसरून गेला असता. पण त्या दिवशी भारताच्या जर्सीत तीस वर्षांचा एक नवा खेळाडू होता. जन्म जपानच्या यामागुची प्रांतातल्या शिमोनोसेकी शहरातला, आई जपानी, वडील गुजराती. भारतातल्या मैदानांवर तो २००६ पासून खेळत होता, पण परदेशी म्हणून. आता त्याच्याकडे भारताचा पासपोर्ट होता आणि त्यासाठी त्याने जपानचा सोडला होता. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडून भारतीय झालेला आणि मग भारताकडून खेळलेला हा पहिला फुटबॉलपटू.

कागदोपत्री त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. मैदानावर, वर्तमानपत्रांत आणि पुण्यात आम्हा सगळ्यांच्या तोंडी अराता इझुमी.

त्याची गोष्ट निघाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, 'बघा, देशासाठी जपानचा पासपोर्ट सोडला.' आणि दुसरं, 'नऊ सामन्यांसाठी एवढा खटाटोप?' भारताकडून तो नऊ सामने खेळला आणि एकही गोल त्याच्या नावावर नाही, हे खरं आहे. पण ही दोन्ही वाक्यं मला अर्धवट वाटतात. पहिल्यात माणूस नाहीसा होतो आणि नुसता त्याग उरतो. दुसऱ्यात सगळं प्रकरण राष्ट्रीय संघाच्या तागडीत टाकलं जातं, जिथे त्याचा थोडाच भाग बसतो. म्हणून ते सबंध मांडावंसं वाटलं.

फिरत्या फुटबॉलपटूचं आयुष्य म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एखाद-दोन वर्षांचा करार आणि नवं शहर. ड्रेसिंग रूममधली भाषा वेगळी, आणि मोसम संपता संपता एकच विचार: पुढच्या वर्षी कुठे? अराता जपानच्या अव्वल लीगमधला तारा कधीच नव्हता. २००५ मध्ये तो सिंगापूरच्या लीगमध्ये आल्बिरेक्स निगाताच्या तिथल्या संघाकडून खेळला. निगातातल्या मूळ क्लबने सिंगापूरमध्ये उभी केलेली ही शाखा. तिच्यात जपानी पोरांना व्यावसायिक फुटबॉलची सवय व्हायची आणि तिथून पुढे बरेच जण आशियाभर पांगायचे. काही थायलंडला गेले, काही हाँगकाँगला. अराता २००६ मध्ये कोलकात्याला आला, ईस्ट बंगालकडे.

वडील भारतीय, म्हणून हा काही मायदेशी परतण्याचा प्रवास नव्हता. त्याचं बालपण जपानमधलं आणि फुटबॉलचं शिक्षणही तिथलंच. भारतातल्या फुटबॉलसाठी तो जपानी परदेशी खेळाडू होता, आणि परदेशी खेळाडूकडून इथल्या क्लबची अपेक्षा फार सरळ असते. गोल करा, नाहीतर करवून द्या. दोन-तीन महिने ते जमलं नाही तर पुढच्या खेळाडूचं तिकीट काढलेलं असतं. कोलकात्यात ही घाई सर्वांत जास्त, कारण तिथे कट्टर प्रतिस्पर्धी मोहन बागानविरुद्धच्या एका हरलेल्या सामन्याचा हिशेब वर्षभर चुकवावा लागतो.

तिथून २००७ मध्ये तो मुंबईला महिंद्र युनायटेडकडे आला. नव्या पिढीला हे नाव फारसं ठाऊक नाही याचं मला वाईट वाटतं. कंपनीचा संघ असूनही महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती, आणि तेव्हा त्यांचे प्रशिक्षक होते गोव्याचे डेरिक परेरा. अराताच्या काळातही संघ जोरात होता. २००८ मध्ये त्यांनी ड्युरँड चषक जिंकला आणि आयएफए शील्डही. दोन वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने संघ बंद केला. तोवर अराता पुण्यात पोचला होता. परेराही पुण्यातच होते.

पुणे एफसीची स्थापना २००७ ची, अशोक पिरामल समूहाची. दुसऱ्या विभागातून वर येऊन २००९-१० मध्ये संघ आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, पहिल्यांदा खेळला आणि थेट तिसरा आला. क्रिकेट आणि कबड्डीच्या या गावात फुटबॉलचा संघ देशात तिसरा येतो, ही गोष्ट तेव्हा पुण्यातल्याच कितीतरी लोकांना कळली नव्हती. २०१२-१३ मध्ये तर संघ चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग दुसरा आला. या सगळ्या वर्षांत संघाच्या मध्यात अराता होता.

पुण्यातलं बालेवाडीचं स्टेडियम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ठाऊक आहे की ते मुळात अ‍ॅथलेटिक्सचं. मैदानाभोवती धावपट्टी, तिच्यापलीकडे प्रेक्षक. फुटबॉल बघायला बसलं की खेळ लांब वाटतो, चेहरे दिसत नाहीत. अशा ठिकाणी खेळाडू ओळखायचा तो त्याच्या चालीवरून. अराताला मी ओळखायचो ते मानेवरून. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघायचा, एकदा उजव्या, आणि चेंडू पायाशी आला की पहिल्याच स्पर्शात शरीर मोकळ्या बाजूला वळलेलं असायचं. आपल्याकडचे खूप खेळाडू आधी चेंडू थांबवतात, मग मान वर करतात, आणि तोपर्यंत अंगावर माणूस आलेला असतो. तो फार वेगवान नव्हता. पण डीच्या बाहेर दोन पावलं मागे रेंगाळायचा आणि आघाडीच्या गड्याने बचावपटूंना गोलपोस्टकडे ओढलं की रिकाम्या झालेल्या त्या पट्ट्यात उशिरा शिरायचा. त्याचे कितीतरी गोल असेच आले. माझ्या शेजारी बसणारे एक निवृत्त पीटीचे सर त्यांच्या शाळेतल्या मुलांना घेऊन यायचे आणि सांगायचे, 'चेंडूकडे बघू नका रे, त्याच्या मानेकडे बघा.'

पासपोर्टचा विचार सुरू झाला तो इथे. पुण्यात त्याचं बस्तान बसलं होतं.

आता मधली अडचण समजून घ्यायला हवी, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. फिफाच्या नियमांनुसार अराताला भारताकडून खेळायला काहीच अडसर नव्हता. खेळाडूकडे त्या देशाचं नागरिकत्व असावं, आणि शिवाय त्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी कोणाचा किंवा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म तिथला असावा, किंवा त्याने तिथे ठरावीक वर्षं वास्तव्य केलेलं असावं, एवढीच फिफाची अट. गुजराती वडिलांच्या मुलाला ती सहज पुरी करता येते. पेच होता तो 'नागरिकत्व' या शब्दात.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा, दोन्हींचा सूर एकच: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतवंशीयांसाठी 'ओसीआय' कार्ड आहे, पण त्याला नागरिकत्व म्हणणं चूक. त्यावर व्हिसाशिवाय येता-जाता येतं, राहता येतं, कामधंदा करता येतो. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि २००८ मध्ये केंद्र सरकारने घेतलेल्या भूमिकेमुळे भारताच्या संघातून खेळताही येत नाही. त्याआधी टेनिसमध्ये विजय अमृतराज यांचा मुलगा प्रकाश अमेरिकेचा नागरिक असूनही डेव्हिस चषकात भारताकडून खेळला होता. २००८ नंतर ते दार लागलं. खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा.

जपानचा कायदाही इतकाच कडक. जन्माने दोन नागरिकत्वं मिळालेल्या माणसाने तरुणपणीच एक निवडायचं असतं, आणि पुढे आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की जपानचं जातं. म्हणजे अराता अशा दोन देशांच्या मध्ये उभा होता, जिथे 'दोन्ही ठेवतो' म्हणण्याची सोयच नव्हती. आईच्या देशाचा पासपोर्ट हवा की वडिलांच्या, एवढाच प्रश्न उरला होता.

हे ऐकायला भावनिक वाटतं, पण रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ फार रोकडा आहे. जपानचा पासपोर्ट जगातल्या सर्वांत ताकदवान पासपोर्टांपैकी एक, आणि त्यावर बहुतेक देशांत व्हिसाशिवाय जाता येतं. भारतीय पासपोर्ट घेऊन जपानला जायचं तर व्हिसा लागतो. म्हणजे ज्या शहरात जन्म झाला, जिथे आईची माणसं आहेत, तिथे जायला आता अर्ज करायचा, कागद जोडायचे आणि वाट बघायची. आपल्यापैकी ज्यांनी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायला व्हिसाच्या रांगा लावल्या आहेत, त्यांना यातलं ओझं समजावून सांगायला नको. आपण ते जन्मापासून वागवतो. त्याने ते तिशीत आपणहून उचललं.

२०१२-१३ च्या मोसमात ही प्रक्रिया पूर्ण झाली आणि अराता इझुमी भारतीय झाला.

या निर्णयात देशप्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण व्यवसायाची बाजू झाकून ठेवणं हे त्याच्यावरच अन्याय करणारं ठरेल. फिरत्या खेळाडूला व्यवसायाचा हिशेब करावाच लागतो, आणि तो चोख करणं हा त्याचा गुण असतो.

क्लबला परदेशी खेळाडू मोजकेच घेता येतात. आशियाई फुटबॉल महासंघाने आपल्या स्पर्धांसाठी '३ अधिक १' असं सूत्र आणलं होतं: कुठलेही तीन परदेशी, आणि चौथा आशियाई. त्यामुळे आशियाभरच्या क्लबांमध्ये जपानी, कोरियन, ऑस्ट्रेलियन खेळाडूंना भाव आला, पण त्या एका जागेसाठी चुरसही तेवढीच वाढली. तिशी ओलांडलेल्या जपानी मिडफिल्डरला दर मोसमाला पंचविशीतल्या कोरियन स्ट्रायकरशी तुलना सोसावी लागते. तोच मिडफिल्डर भारतीय झाला की ही तुलनाच संपते. क्लबची परदेशी जागा रिकामी होते आणि खेळाडूही हातचा जात नाही. स्पर्धा उरते ती भारतीय मिडफिल्डरांशी, आणि तिथे अराता पहिल्या काही नावांत होता.

पुढे हे आकड्यांतच दिसलं. जुलै २०१५ मध्ये मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी (आयएसएल) मोजक्या भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला. सुनील छेत्रीला मुंबई सिटीने १ कोटी २० लाखांना घेतलं, युजिनसन लिंग्डोला पुणे सिटीने १ कोटी ५ लाखांना. याच लिलावात अ‍ॅटलेटिको द कोलकाताने अराता इझुमीसाठी ६८ लाख मोजले. त्या महिन्याच्या अखेरीस तो तेहतीस वर्षांचा होणार होता. त्या काळी आयएसएलमध्ये एका वेळी सहा परदेशी मैदानात असायचे, म्हणजे पाच भारतीय लागायचेच, आणि चांगला भारतीय मिडफिल्डर ही बाजारातली दुर्मीळ चीज होती. जपानी पासपोर्टवर त्याला त्या वयात इतकी मागणी आली असती असं मला वाटत नाही. पासपोर्ट बदलल्याने त्याची कारकीर्द काही वर्षांनी वाढली, हे मानायला हवं. त्यामुळे त्याच्या निर्णयाची किंमत कमी होत नाही.

आता राष्ट्रीय संघाकडे येऊ. ही बाजू थोडक्यात सांगता येते, कारण ती थोडकीच आहे. तेव्हा प्रशिक्षक होते नेदरलँड्सचे विम कोव्हरमन्स. आल्या आल्या, २०१२ मध्ये, त्यांच्या संघाने नेहरू चषक जिंकला होता आणि आशा वाढल्या होत्या. चेंडू जमिनीवर ठेवून छोट्या पासने खेळायचं त्यांचं धोरण होतं, आणि त्यासाठी गर्दीतही चेंडू पायाशी ठेवू शकेल असा मिडफिल्डर हवा होता. अराता त्यात नेमका बसणारा. पण मार्च २०१३ मध्ये म्यानमारमध्ये आशियाई महासंघाच्या एएफसी चॅलेंज चषकाच्या पात्रता फेरीत भारताने चिनी तैपेई आणि ग्वामला हरवलं, यजमान म्यानमारकडून एका गोलने हरला आणि पात्रता हुकली. त्याच वर्षी जूनमध्ये जपान ब्राझीलच्या विश्वचषकासाठी पात्र ठरला. जपानच्या त्या संघात अराताला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून 'तिकडे विश्वचषक सोडला' असं जे कधी कधी म्हटलं जातं ते खोटं आहे. पण आपण कुठून निघून कुठे आलो, हे त्याला त्या उन्हाळ्यात जाणवलं नसेल असंही नाही.

सप्टेंबर २०१३ मधल्या काठमांडूच्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेची अंतिम लढत मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. भारत अफगाणिस्तानकडून २-० असा हरला. अफगाणिस्तानचे दोन्ही गोल करणारे मुस्तफा अझादझॉय आणि संजर अहमदी जर्मनीत खेळणारे. त्यांचा गोलरक्षक मन्सूर फकीरयार जर्मनीतच लहानाचा मोठा झालेला. युद्धामुळे देशाबाहेर गेलेल्या कुटुंबांची ही मुलं जर्मनीतलं घरदार तसंच ठेवून आईवडिलांच्या देशाची जर्सी घालून आली, आणि देशाला त्याचं पहिलं मोठं फुटबॉल विजेतेपद देऊन परत गेली. फिलिपिन्समध्येही त्या काळात हेच घडत होतं. २००३ च्या कायद्याने तिथे दुहेरी नागरिकत्वाची वाट मोकळी झाली होती, आणि इंग्लंडमध्ये फुटबॉल शिकलेले यंगहजबंड बंधू तिथल्या संघाचे चेहरे झाले होते.

भारताला मात्र एकच अराता मिळाला. आधी न्यूकॅसलमध्ये जन्मलेल्या मायकेल चोप्राच्या नावाची दोनेक वर्षं चर्चा झाली. प्रीमियर लीगमध्ये गोल करणारा भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू. त्यालाही भारताकडून खेळायची इच्छा होती. पण ब्रिटिश पासपोर्ट सोडायची वेळ आली की प्रत्येकाची गाडी तिथेच अडते, तशी त्याचीही अडली. २०१४ मध्ये तो भारतात आला तो केरळ ब्लास्टर्सचा परदेशी खेळाडू म्हणून.

चोप्राचं अडलं आणि अराताचं जमलं, याचं कारण मला कायद्याइतकंच जगण्यात दिसतं. चोप्राला सगळं आयुष्य इंग्लंडमध्ये ठेवून फक्त राष्ट्रीय संघासाठी पासपोर्ट बदलायचा होता. असा सौदा कोणाही शहाण्या माणसाला परवडणारा नाही. अराताचं पोट भारतातल्या लीगवर भरत होतं. घर पुण्यात होतं. कोलकाता, मुंबई, पुणे अशा तीन शहरांतली ड्रेसिंग रूम, जेवणखाण, ट्रेनचे आणि विमानाचे प्रवास, कोरडी ठणठणीत मैदानं आणि चिखलाची मैदानं हे सगळं त्याने सहा-सात मोसम अंगावर घेतलं होतं. पासपोर्ट शेवटी आला. त्याआधीच तो इथला झालेला होता.

गंमत म्हणजे हे जपाननेच आधी करून दाखवलेलं आहे. ब्राझीलचा रुय रामोस १९७७ मध्ये विशीत जपानला आला, बारा वर्षं तिथल्या क्लब फुटबॉलमध्ये रुळला, १९८९ मध्ये जपानी झाला आणि १९९२ मध्ये जपानने पहिल्यांदा आशियाई चषक जिंकला तेव्हा तो संघाचा कणा होता. १९९८ चा विश्वचषक वाग्नेर लोपेस खेळला, २००२ आणि २००६ चा अलेक्स सांतोस, २०१० चा तुलिओ तनाका. सांतोस आणि तनाका तर शाळकरी वयातच जपानला आले होते, शाळेच्या संघातून खेळले होते. जपानने बाहेरून कोणाला तयार उचलून आणलं नाही. आधी माणसं तिथे राहिली, घडली, आणि मग त्यांना जर्सी मिळाली. फरक एवढाच की जपानकडे त्यांना राहावंसं वाटेल अशी लीग होती, आणि पुढे तर अधिकच चांगली झाली. आपल्याकडे अराताचे तीन-तीन क्लब नाहीसे झाले.

कारण हेही याच प्रकरणात मोडतं. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. पुणे एफसीने २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. बालेवाडीत २०१४ पासून आयएसएलचा एफसी पुणे सिटी खेळत होता आणि २०१६ मध्ये अराता त्या संघातून पुन्हा पुण्यात आला. २०१९ मध्ये तोही संघ गेला आणि त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं. ज्या माणसाने या देशावर इतका भरवसा ठेवला, त्याला या देशातल्या क्लबांनी मात्र एका ठिकाणी दहा वर्षं काढू दिली नाहीत. बालेवाडीला जाणारे आम्ही थोडके लोकही दोनदा पोरके झालो. पुणे एफसीच्या जुन्या सामन्यांची तिकिटं मी अजून एका डायरीत चिकटवून ठेवली आहेत.

त्याच्या कारकिर्दीतला एक दिवस मात्र पुरा त्याचा आहे. १३ ऑक्टोबर २०१५, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम. अ‍ॅटलेटिको द कोलकाता विरुद्ध केरळ ब्लास्टर्स, आणि प्रेक्षकांत साक्षात पेले. पेले कोलकात्याला याआधी आले होते ते १९७७ मध्ये, न्यूयॉर्क कॉसमॉसकडून मोहन बागानविरुद्ध खेळायला, आणि त्या सामन्याच्या आठवणी तिथले म्हातारे अजून सांगतात. अडतीस वर्षांनी ते पुन्हा आले तेव्हा सगळं शहर लोटलं होतं. सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली आणि अराताने गोल केला. कोलकाता २-१ ने जिंकलं. ज्या शहरात नऊ वर्षांपूर्वी तो 'जपानी खेळाडू' म्हणून उतरला होता, तिथे पेलेंच्या समोर गोल करणाऱ्याच्या नावापुढे आता भारताचा झेंडा होता. नऊ सामने, शून्य गोल हा आकडा काढणाऱ्यांना मी हा दिवस आठवणीने सांगतो.

पुणे सिटीनंतर २०१७-१८ मध्ये तो केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि त्यानंतर खेळणं थांबलं. थांबल्यावर तो जपानला परतला नाही. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स नावाची निवासी अकादमी आहे. देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून निवडलेली लहान मुलं तिथे राहतात, शिकतात, खेळतात. अराता तिथे प्रशिक्षक झाला आणि डेव्हलपमेंट लीगमध्ये त्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून दिसू लागला. तिथून निघालेली मुलं आयएसएलच्या क्लबांत जातात.

त्याच्यामागे बराच काळ कोणी आलं नाही. २०२५ मध्ये पर्थला जन्मलेल्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला. त्याच्या आईचं माहेर मुंबईतल्या अँग्लो-इंडियन समाजातलं, आणि आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफी या राज्यांच्या स्पर्धेत बॉम्बेकडून खेळलेले. विल्यम्सही २०२३ पासून बंगळूरु एफसीमध्ये होता. म्हणजे क्रम पुन्हा तोच: आधी इथे येऊन खेळला, इथल्या लोकांत मिसळला, मग कागद केले. त्याच सुमारास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने परदेशातल्या तीसेक भारतवंशीय खेळाडूंशी संपर्क साधल्याची बातमी आली. ती वाचून मला पहिला प्रश्न पडला तो हा, की यातल्या किती जणांना आय-लीग किंवा आयएसएलमधला क्लब सलग चार वर्षं पगार देईल?

गेल्या वर्षी अकादमीच्या मुलांचा एक सामना बघायला गेलो होतो. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा मिडफिल्डमध्ये होता. चेंडू यायच्या आधी त्याने एकदा डाव्या खांद्यावरून मागे बघितलं, एकदा उजव्या.